वेल्श क्वायरचा वार्षिक कॉन्सर्ट : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

वेल्समध्ये कार्डिफ, स्वान्सी, न्यूपोर्टकडे नोकरीसाठी आलेल्या मराठी माणसाला वर्षभरात कोणीतरी विचारतेच, “आमच्या क्वायरचा कॉन्सर्ट आहे, याल का?” क्वायर म्हणजे एकत्र गाणाऱ्यांचा संघ. विचारणारा हॉस्पिटलच्या वॉर्डातला पोर्टर असतो, शेजारचे निवृत्त आजोबा असतात, नाहीतर मुलांच्या शाळेतले केअरटेकर. बरेच जण संकोचाने टाळतात. आपल्याला पाश्चात्त्य संगीत कळत नाही, वेल्श भाषा येत नाही, काय घालायचे ठाऊक नाही, चर्चसारख्या जागी आपण चालू का, असे प्रश्न डोक्यात असतात. मी आता बऱ्याच कॉन्सर्टना जाऊन बसलो आहे आणि नव्या मंडळींना घेऊनही गेलो आहे. त्यांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे क्रमाने लिहितो.

एक गोष्ट आधीच सांगतो. तिकीट लावलेले असले, व्यासपीठावर झगमगीत पाहुणे असले, तरी हा गावाचा घरगुती कार्यक्रम असतो. गाणारे साठ जण त्याच गावातले प्लंबर, मास्तर, पोस्टमन असतात आणि ऐकणारे त्यांचे सोयरेधायरे. हे लक्षात ठेवलेत तर खालचे बरेचसे नियम आपोआप सुचतील.

१. कोणाचा कॉन्सर्ट ते नीट पाहा

वेल्समध्ये मिश्र क्वायर आहेत, बायकांचे आहेत, मुलांचे आहेत. पण वार्षिक कॉन्सर्टची जुनी रीत पुरुषांच्या क्वायरनी घट्ट धरून ठेवली आहे, म्हणून पहिला अनुभव तिथला घ्या. दक्षिणेत कोळशाच्या खाणी, उत्तरेत पाटीच्या दगडाच्या खाणी, आणि दोन्हीकडे गल्लोगल्ली चॅपल, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनाघरे, यांतून हे गाणे उभे राहिले. स्वान्सीजवळचा डनव्हंटचा क्वायर १८९५चा. ऱ्हॉन्दा खोऱ्यातला पेन्डिरस १९२४चा, बेकारीच्या काळात उभा राहिलेला. मॉरिस्टन ऑर्फियस १९३५चा. ट्रिऑर्कीचा इतिहास १८८३पर्यंत मागे जातो, मात्र आजचा क्वायर दुसऱ्या महायुद्धानंतर नव्याने उभारलेला आहे. उत्तरेत फ्रॉनकसल्ल्टे गावातला क्वायर लँगोलेनच्या आंतरराष्ट्रीय संगीत महोत्सवाच्या निमित्ताने, १९४७मध्ये जमला.

ही नामवंत नावे झाली. माझे मत विचाराल तर पहिल्या वेळी आपल्या घरापासून जवळचा, फारसे नाव नसलेला क्वायर निवडा. आवाज थोडे कमी पडतील, पण तुम्ही गर्दीत हरवणार नाही.

इथला नेहमीचा घोटाळा असा की एकाच गावात दोन क्वायर असतात आणि नावे जवळपास सारखी. शिवाय क्वायर एका गावचा आणि कॉन्सर्ट दुसऱ्या गावच्या सभागृहात, असेही होते. पोस्टरवर आयोजकाचे नाव आणि जागेचा पत्ता दोन्ही वाचा.

२. तिकीट

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे क्वायरमधल्या कोणाकडून तरी घेणे. प्रत्येक सभासदाकडे विकायला तिकिटे असतात आणि ती खपली की त्याला हायसे वाटते. ओळखीचे कोणी नसेल तर क्वायरची वेबसाइट किंवा सभागृहाची खिडकी. स्थानिक कॉन्सर्टचे तिकीट बहुधा १० ते २० पौंडांच्या घरात असते, मोठा पाहुणा असेल तर जास्त. मुलांना सवलत असते, विचारून घ्या.

चॅपलमधल्या कॉन्सर्टला जागा क्रमांकाने नसतात. तिकीट म्हणजे फक्त आत जायचा परवाना. दार कार्यक्रमाच्या अर्धा-पाऊण तास आधी उघडते आणि मधल्या चांगल्या जागा पहिल्या दहा मिनिटांत जातात.

कार्डिफबद्दल एक सूचना. जुन्या लेखांत, जुन्या व्हॉट्सॲप संदेशांत सेंट डेव्हिड्स हॉलचे नाव हमखास असते. तिथल्या छताच्या काँक्रीटच्या प्रश्नामुळे तो सप्टेंबर २०२३मध्ये बंद झाला आणि तिथले कार्यक्रम इतरत्र गेले. तेव्हा ऐकीव माहितीवर न जाता तिकिटावरची जागा पाहा.

३. परतीची सोय आधी

कॉन्सर्ट संध्याकाळी सात किंवा साडेसातला सुरू होतो आणि ठरल्या वेळेला सुरू होतो. पाहुण्यांची वाट पाहत अर्धा तास उशीर हा प्रकार इथे नाही. संपायला साडेनऊ-दहा वाजतात. खोऱ्यातल्या गावांत रात्रीच्या बस विरळ असतात आणि रविवारी तर विचारूच नका. ट्रिऑर्कीला कार्डिफहून ट्रेहर्बर्टच्या गाडीने थेट जाता येते, पण शेवटची गाडी किती वाजता ते निघण्यापूर्वी बघा. टॅक्सीवर भरवसा ठेवायचा असेल तर ती आधी सांगून ठेवा. गाडी घेऊन जाणाऱ्यांनी चॅपलसमोरच्या अरुंद उतारावर जागा शोधत फिरू नये. गावच्या वाहनतळावर लावून चालत जावे.

४. बरोबर काय घ्यायचे

- तिकीट. फोनवर असेल तर आधीच चित्र काढून ठेवा, खोऱ्यात रेंज दगा देते.
- सुटे पैसे आणि पाच-दहा पौंडांच्या नोटा. कार्यक्रमपत्रिका, चहा, रॅफल (बक्षिसांची सोडत), मदतपेटी यांना रोख लागते. कार्ड चालेलच असे नाही.
- एक जादा स्वेटर किंवा शाल. जुन्या चॅपलांचे हीटर आवाज फार करतात, ऊब कमी देतात.
- वाचायचा चष्मा. पत्रिकेतली अक्षरे बारीक असतात आणि प्रेक्षकांनी म्हणायची कडवी त्यातच छापलेली असतात.
- कंबरेचा त्रास असेल तर छोटी उशी. लाकडी बाकांच्या पाठी अगदी सरळ असतात. झोप येऊ नये म्हणून की काय, कोण जाणे.

कपड्यांची चिंता नको. गाणारे ब्लेझर आणि बो-टायमध्ये असतात, ऐकणारे नीटनेटक्या साध्या कपड्यांत. साडी नेसून गेलात तर मध्यंतरात चार आज्या पदराला हात लावून चौकशी करतील. फक्त गॅलरीचे लाकडी जिने अरुंद आणि उभे असतात, साडीवाल्यांनी खालीच बसावे.

५. जागा कुठे धरावी

चॅपलमध्ये तिन्ही बाजूंनी गॅलरी असते. समोर उंच व्यासपीठ, त्यामागे ऑर्गन, आणि व्यासपीठाच्या पायथ्याशी कठडा घातलेली जागा. ती पूर्वी चॅपलच्या कारभारी मंडळींची. तिथे किंवा पहिल्या रांगेत जाऊन बसू नका, त्या जागा अध्यक्ष, पाहुणे, देणगीदार यांच्यासाठी राखलेल्या असतात. आवाजासाठी उत्तम जागा म्हणजे गॅलरीचा पुढचा कठडा, व्यासपीठाच्या बरोबर समोरचा. तिथे चारही आवाज एकत्र होऊन येतात. अगदी जवळ बसलात तर ज्या बाजूला असाल त्याच बाजूचे आवाज जास्त ऐकू येतील. लहान मुले बरोबर असतील तर खाली, वाटेच्या कडेला, दाराजवळ.

बसल्यावर इमारतीकडे जरा बघा. स्वान्सीजवळच्या मॉरिस्टनमधले टॅबरनॅकल चॅपल १८७२चे, उंच मनोऱ्याचे, आणि ते एका कामगारवस्तीचे आहे. ट्रिऑर्कीतले पार्क अँड डेअर नाट्यगृह तिथल्या दोन खाणींच्या मजुरांच्या वर्गणीतून झाले. पगाराच्या दर पौंडामागे एक पेनी अशी ती वर्गणी होती.

६. काय ऐकायचे

आपला कान एका सुरावटीमागे जायला शिकलेला आहे. इथे एकाच वेळी चार सुरावटी चालतात. सर्वांत वरचा टेनर, दुसरा टेनर, बॅरिटोन आणि खालचा बास. पहिल्यांदा ऐकताना सगळे मिळून एक मोठा गुंजारव वाटतो आणि अर्ध्या तासात कान थकतो. त्यावर मला सापडलेला उपाय असा. पहिल्या कडव्याला नेहमीप्रमाणे चाल ऐका. ती बहुतेक वेळा वरच्या टेनरकडे असते. दुसऱ्या कडव्याला मुद्दाम खालच्या बासवर कान ठेवा, मागच्या रांगेत एका टोकाला उभी असलेली धिप्पाड माणसे. ते स्वर किती कमी हलतात आणि हलले की वरचे सगळे कसे रंग बदलते, हे एकदा पकडलेत की पुढचा कार्यक्रम वेगळाच ऐकू येतो. मधले दोन आवाज कळायला वेळ लागतो. घाई नाही.

मोठ्या आवाजाने भारावून जाणे सोपे आहे. क्वायरची खरी परीक्षा हळू गाण्यात असते. साठ माणसे कुजबुजीएवढ्या आवाजात, स्वर न उतरवता, एकाच क्षणी श्वास घेऊन गातात का, तिकडे लक्ष द्या. जोसेफ पॅरीचे ‘मव्हॅन्वी’ हे प्रेमगीत जवळपास प्रत्येक क्वायर गातो आणि त्यातच त्याची तयारी उघडी पडते. पॅरी हा मर्थर टिडव्हिलचा, १८४१चा जन्म, लहानपणीच लोखंडाच्या कारखान्यात कामाला लागलेला.

आता आपल्या फायद्याची गोष्ट. या खाणकामगारांपैकी फार थोड्यांना पाश्चात्त्य संगीताची पाच रेघांची लिपी येत होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चॅपलांमधून ‘टॉनिक सोल्फा’ नावाची पद्धत पसरली. डो, रे, मी यांची फक्त आद्याक्षरे लिहायची, आणि ‘डो’ कुठल्याही पट्टीत धरायचा. आपला षड्ज जसा काळी एकपासून पांढरी पाचपर्यंत कुठेही धरता येतो, अगदी तसा. पियानो परवडत नव्हता, छापील अक्षरे परवडत होती. जुन्या सभासदांच्या कपाटात अजून ती अक्षरांची पुस्तके असतात. त्यांच्यापाशी सरगमचा विषय काढा, गप्पा संपणार नाहीत.

कंडक्टरकडेही, म्हणजे समोर उभे राहून हातांनी गाणे चालवणाऱ्याकडेही, लक्ष असू द्या. अनेक क्वायर कागद हातात न धरता, तोंडपाठ गातात, त्यामुळे सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर खिळलेल्या असतात. या पदाला इथे किती मान आहे ते पाहायचे तर अ‍ॅबरडेअरच्या चौकात जा. तिथे ‘कॅराडॉग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रिफिथ ऱ्हीस जोन्सचा पुतळा आहे. मूळचा लोहार. १८७२ आणि १८७३मध्ये दक्षिण वेल्सचे साडेचारशेच्या आसपास गायक घेऊन तो लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधली स्पर्धा जिंकून आला होता.

७. पाहुणे कलाकार

परंपरागत कॉन्सर्टची घडी ठरलेली असते. क्वायर दोन-तीन गाण्यांनी सुरुवात करतो, मग पाहुणा, पुन्हा क्वायर, मध्यंतर. उत्तरार्धात तोच क्रम. शेवटी पाहुणा आणि क्वायर मिळून एक भारदस्त रचना. निवेदक मधूनमधून वेल्शमध्ये दोन वाक्ये, मग तेच इंग्रजीत, असा चालतो. विनोद मात्र बहुधा एकाच भाषेत करतो. शेजारी हसले की हसा.

पाहुणे साधारण चार प्रकारचे. पहिला, ऑपेराच्या वाटेवरची तरुण सोप्रानो (उंच आवाजाची गायिका) किंवा टेनर, बहुतेकदा कार्डिफच्या संगीत महाविद्यालयात शिकलेली. दुसरा, ब्रास बँड, म्हणजे पितळी वाद्यांचा ताफा. ऱ्हॉन्दा खोऱ्यातला कोरी बँड १८८४चा आहे आणि अशा बँडसमोर क्वायर ऐकणे हा वेगळाच दणका असतो. तिसरा, स्थानिक शाळेतली मुले. मुले आली की आईबाप, आजीआजोबा आले, म्हणजे अर्धे सभागृह भरले. आयोजक हिशेबी असतात.

चौथा प्रकार म्हणजे हार्प हे उभे तंतुवाद्य वाजवणारी कलावती. पत्रिकेत तिच्याबरोबर ‘केर्द दान्त’ असे लिहिलेले असेल तर सरसावून बसा. हार्पवर एक चाल वाजते, गाणारा मागाहून शिरतो आणि वेगळ्याच चालीवर कविता म्हणतो, आणि दोघे नेमके एकाच ठिकाणी संपतात. लयकारीची आवड असलेल्यांना ही सम गाठण्याची कसरत पहिल्या फटक्यात आवडते, भाषा कळो न कळो.

पाहुण्याला इथे किती जीव लावतात त्याचे एक उदाहरण देतो. अमेरिकेतले कृष्णवर्णीय गायक पॉल रोबसन खाणकामगारांचे जुने मित्र. अमेरिकी सरकारने १९५०मध्ये त्यांचा पासपोर्ट काढून घेतला, तेव्हा येणे अशक्य झाले. म्हणून ऑक्टोबर १९५७मध्ये पोर्थकॉलच्या खाणकामगारांच्या महोत्सवात ते अटलांटिकच्या तळातून नुकत्याच टाकलेल्या टेलिफोनच्या तारेवरून, न्यूयॉर्कहून गायले. समोर हजारोंचा जमाव होता, आणि ट्रिऑर्कीच्या क्वायरने तारेवरूनच त्यांना उत्तर दिले.

इथे टाळायची गोष्ट एकच. केवळ पाहुण्यासाठी येऊन त्याचे गाणे झाले की उठू नका. लोक बोलत नाहीत, पण लक्षात ठेवतात.

८. टाळ्या, दाद, फोन

गाणे चालू असताना ‘वा’ म्हणायची सवय दाराबाहेर ठेवावी लागते. मानही फार डोलवू नका, मागच्याला दिसत नाही. शेवटचा स्वर विरल्यावर, कंडक्टरचे हात खाली आले की टाळ्या. ते हात वर असेपर्यंत गाणे संपलेले नसते, आवाज थांबला तरी. एकाच गाण्याचे दोन-तीन भाग असतील तर सर्वांत शेवटी टाळ्या. शंका असेल तर पांढऱ्या केसांच्या बाईंवर नजर ठेवा आणि त्यांच्यानंतर अर्ध्या क्षणाने सुरू करा.

फोन बंद. चित्रीकरणाचा मोह आवरा. व्यासपीठावर शाळेची मुले असतील तर परवानगीशिवाय चित्रीकरण चालतच नाही, आणि इतर वेळीही आधी विचारावे.

मध्येच एखादे स्तोत्र सर्वांनी म्हणायचे असते. ‘कूम ऱ्हॉन्दा’ची चाल तर तुम्ही रग्बीच्या सामन्यात ऐकलेलीच असेल. ती १९०७ची, पाँटिप्रिडजवळच्या चॅपलसाठी बांधलेली. धर्माचा अडसर वाटत असेल तर नुसते उभे राहिलात तरी चालते. पण गायलात तर शेजारचा माणूस सहज दुसऱ्या आवाजात शिरेल, आणि तुम्ही दोघांच्या मेळात याल. तिकिटाचे पैसे तिथेच वसूल होतात.

९. मध्यंतर

चॅपलमध्ये दारू मिळत नाही. मागच्या खोलीत चहा, बिस्किटे, कधी घरी केलेले वेल्श केक. शाकाहारी असाल तर सँडविच घेण्याआधी विचारा, आणि वेल्श केक चरबीत भाजतात की लोण्यात तेही विचारा. दोन्ही प्रकार असतात, आणि कोणाला राग येत नाही.

रॅफलची तिकिटे विकणाऱ्या बाई तुमच्यापर्यंत येतीलच. एक पट्टी घ्या. बक्षीस चॉकलेटचा डबा, वाइनची बाटली नाहीतर फुलझाडाची कुंडी, पण त्या पैशातून क्वायरच्या बसचे भाडे निघते. काही कर्मठ चॅपलांत रॅफल जुगार म्हणून चालत नाही. तिथे बाहेर पडताना दाराशी पेटी असते, तीत टाका.

१०. शेवटचे उभे राहणे

आभार लांबतात. अध्यक्ष, कंडक्टर, पियानोवादक, पाहुणे, फुले देणारी मुलगी, सगळ्यांची नावे होतात. कोट घालायला सुरुवात करू नका, कारण लगेच राष्ट्रगीत आहे. ‘हेन व्लाद व न्हादाय’ १८५६चे, पाँटिप्रिडच्या बापलेकांनी, एव्हन आणि जेम्स जेम्स यांनी रचलेले. बाप विणकर, मुलगा हार्प वाजवणारा. ते वेल्शमध्येच म्हणतात. शब्द येत नसतील तर घरी दोन-चार वेळा ध्रुवपद ऐकून जा. ध्रुवपदाचा पहिलाच शब्द ‘ग्व्लाद’, म्हणजे ‘देश’, आणि तो दोनदा येतो, एवढा आला तरी सुरुवात झाली. ओठ उगाच हलवण्यापेक्षा स्वस्थ उभे राहिलेले बरे.

११. ‘आफ्टरग्लो’

हे पत्रिकेत छापलेले नसते. कॉन्सर्टनंतर क्वायर जवळच्या पबात किंवा रग्बी क्लबात जमतो, पाहुण्यांना जेवू घालतो आणि पुन्हा गातो. आता ब्लेझरची बटणे उघडी, हातात ग्लास, कंडक्टर कोपऱ्यात खात बसलेला. यालाच ‘आफ्टरग्लो’ म्हणतात. कुठे आहे ते तिकीट देणाऱ्याला विचारा. तो नेईलच. माझ्या मते संध्याकाळचा उत्तम भाग हाच, म्हणून परतीची गाडी त्या हिशेबाने धरा. दारू घेत नसाल तर लेमोनेड घ्या, कोणी आग्रह करत नाही.

एक तयारी मात्र करून जा. “तुमच्या देशातले काहीतरी म्हणा” अशी फर्माईश हमखास होते. अवघड ताना, लांब प्रस्तावना नको. विठ्ठलाचा साधा गजर धरा, एक ओळ तुम्ही म्हणायची आणि तीच त्यांनी उचलायची. दुसऱ्या आवर्तनाला टेनर वर चढतात, तिसऱ्याला बास खाली उतरतात, आणि तुम्ही कधी ऐकला नसेल असा चार आवाजांतला विठ्ठल त्या रग्बी क्लबात उभा राहतो. पट्टी थोडी खालची धरा, नाहीतर वरच्या टेनरना फुकट मोठेपणा मिळतो.

१२. आवडले तर पुढे

बहुतेक क्वायर आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, संध्याकाळी सराव करतात आणि ऐकायला येणाऱ्यांना तिकीट नसते. येण्याआधी सचिवांना दोन ओळींची ईमेल पाठवावी. सरावाची मजा वेगळी. एकच ओळ पाच वेळा मोडून पुन्हा बांधताना चारही आवाज सुटे सुटे ऐकायला मिळतात.

गायचे असेल तर लाजू नका. सभासदांचे वय वाढते आहे आणि तरुण आवाज सगळ्यांनाच हवे आहेत. अनेक ठिकाणी लिपी वाचता येण्याची अट नसते. कंडक्टर पियानोपाशी बोलावतो, काही स्वर गायला लावतो आणि तुमची रांग सांगतो. वेल्श शब्द देवनागरीत लिहून घ्या. ‘द’, ‘ख’, ‘र’ला लागणारा ‘ह’, हे उच्चार आपल्याला इंग्रजांपेक्षा सहज जमतात. अडते ते ‘ल्ल’चे. जीभ ‘ल’च्या जागी ठेवून दोन्ही कडांनी नुसती हवा सोडायची. ते शेजारी बसणाऱ्या आजोबांकडून शिका, पण चष्मा पुसायला रुमाल जवळ ठेवा.